यंदाची पुरुमेंत गावठीच

पावसाळ्याआधी चार महिन्यांचं सामान भरून ठेवायचं, ही आमच्याकडची पुरुमेंत. आता डिचोलीत भर आषाढातही सगळं मिळतं, त्यामुळे बऱ्याच घरांतून ती रीत उठली. आमच्या घरी ती आहे, आणि यंदा मी ठरवलं की भरायचं ते गोव्यात पिकलेलं, गोव्यात केलेलं, आणि जमेल तिथे करणाऱ्याच्याच हातून घ्यायचं. आपल्या गाड्यांवरची बरीचशी भाजी बेळगावहून येते, मिरची ब्याडगीची, मीठ गुजरातचं. इथले मिठागरवाले आणि सोलं, म्हणजे आमसुलं, सुकवणाऱ्या बाया मात्र गिऱ्हाइकाची वाट बघत बसतात. हे मला बघवत नाही.

एका दिवसात यादी घेऊन जावं आणि पिशव्या भरून यावं, असं हे काम नाही. प्रत्येक जिनसेचा हंगाम वेगळा, म्हणून तांदळापासून सुरुवात केली. भात कापून, मळून झालं की शेतकऱ्याकडे थोडाच उरतो, तोही पटकन संपतो. मला कोरगुट हवा होता. खाजन शेतीतला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतला, खारं पाणी सोसणारा हा तांदूळ, उकडा करून त्याची पेज काय लागते! चोडणला ओळखीतून एक घर मिळालं. तिथले काका म्हणाले, बांध फुटून खारं पाणी आत शिरलं की शेत पडच राहतं, बांधाची डागडुजी करायला माणसं मिळत नाहीत. वाण्याच्या उकड्यापेक्षा भाव जास्त होता. बांधाचं ऐकल्यावर मी घासाघीस केली नाही.

मिरचीचं काम सगळ्यात किचकट. हरमलच्या मिरचीला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, काणकोणच्या खोला मिरचीला त्याच्या आधीच मिळालं होतं. नाव झालं, तशी नावावर भलतीच मिरची खपवणारेही आले. एका दुकानात ‘हरमलची’ म्हणून दाखवलेल्या मिरचीचं पोतं मागे तसंच पडलेलं होतं आणि त्यावर कर्नाटकातल्या व्यापाऱ्याचा शिक्का होता. मी न बोलता बाहेर पडले. मग म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जमिनीवर बसलेल्या बायांकडे गेले. त्यांना वाडा कुठला, खळं कुठलं, मिरची कधी तोडली, असं विचारत गेले. जिने स्वतः पिकवलेली असते ती न अडखळता सांगते, वर पाण्याच्या अडचणीही सांगते. एका मावशीने मिरची माझ्या कानाशी हलवून दाखवली, आतलं बी खुळखुळत होतं. तरीही म्हणाली, “बाय, घरी नेऊन आणखी एक ऊन दे हिला, मग बरणीत भर. नाहीतर श्रावणात बुरशी धरते.” इतकी काळजी पाकिटावर छापून मिळत नाही.

मीठ पेडण्यात आगरवाड्याच्या मिठागरातून आणलं. फेब्रुवारीच्या सुमारास मीठ धरायला लागतं आणि पहिल्या जोराच्या पावसाबरोबर संपतं. जाडं, करडट, किंचित ओलसर. त्यात आयोडीन नसतं, म्हणून रोजच्या जेवणाला आम्ही पाकिटातलंच वापरतो. लोणच्याला, खाऱ्या मासळीला मात्र हेच.

सोलांसाठी सत्तरीत गेले, वाळपईच्या पुढे. भिरंड, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात एप्रिल-मे महिन्यात, आणि तेव्हाच वळवाचा पाऊस टपलेला असतो. फळं फोडून बी-गर वेगळा करायचा, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. काळपट चमक येईपर्यंत हा क्रम चालतो. मी अंगणात असतानाच आभाळ भरून आलं. घरातली पोरं, सुना, शेजारीण, सगळी धावली आणि सुपं, चटया बघता बघता पडवीत आल्या. एक दुपार भिजली तर सगळी मेहनत बुरशीत जाते. बाजारात सोलं महाग म्हणणाऱ्यांनी एकदा ते अंगण बघावं, असं मला मनापासून वाटतं.

काजूचं थोडक्यात सांगते. गोव्यात सोलून विकला जाणारा बराच काजू आफ्रिकेतून येणाऱ्या बियांचा असतो. गोव्याच्या काजूला 2023 मध्ये मानांकन मिळालं, ते याच कारणाने महत्त्वाचं. मी बागायतदाराकडून भाजलेल्या बिया घेतल्या आणि घरी फोडल्या. खोबरेल तेलाला आमच्याच माडांचे नारळ होते. खोबरं वाळवून घाण्यावर नेलं, पेंड शेजारच्या गाईला दिली.

तूरडाळ, गहू, साखर इथे होत नाही. ते वाड्यावरच्या वाण्याकडूनच घेतलं, मॉलमधून नाही. एकूण खर्च नेहमीपेक्षा वाढला, ते खरं. ज्यांना महिन्याचा हिशोब घट्ट बसवावा लागतो त्यांनी सगळंच असं घ्यावं, असं मी म्हणणार नाही. त्यांनी एक मिरची किंवा एक सोलं निवडली तरी त्या बाईचा हंगाम सावरतो.

सत्तरीच्या त्या घरी पुढच्या वर्षाच्या सोलांचे थोडे पैसे आगाऊ देऊन आले आहे. त्यातून त्यांना पडवीवर पत्रा वाढवायचा आहे. माझ्या जावेचं आणि शेजारच्या वहिनींचं नावही त्यांच्या वहीत लिहून घेतलंय.