ट्यूना वाचवायला आठ छोटे देश एकत्र आले, त्याबद्दल

किरिबाटी, तुवालू, नाउरू ही नावं आपल्याकडे क्विझमध्येच ऐकू येतात, पण या छोट्या देशांनी जे करून दाखवलंय ना, ते खरंच भारी आहे. पॅसिफिकमधला स्किपजॅक ट्यूना आज एकाच्या हद्दीत तर उद्या दुसऱ्याच्या, आणि पूर्वी बाहेरच्या मोठ्या बोटी प्रत्येक देशाशी वेगळा सौदा करून किरकोळ पैशात मासा भरून न्यायच्या. १९८२ मध्ये मिळून मासेमारीच्या अटी ठरवायचा नाउरू करार झाला, आता त्यात आठ देश आहेत. २००७ पासून तर पर्ससीन बोटींना (माशांच्या थव्याला मोठ्या जाळ्याने गोल वेढून पकडणाऱ्या) मासेमारीचे दिवसच विकत घ्यावे लागतात, दिवस मोजून ठरलेले आणि एका दिवसाचा किमान दर पुढे ८,००० डॉलर ठेवला, म्हणजे फोडा आणि झोडा बंद!

शिवाय तरंगते तराफे सोडून त्याखाली जमलेला मासा उचलायचा, यावर दरवर्षी काही काळ बंदी, कारण त्यात बिगआय या दुसऱ्या जातीच्या ट्यूनाची पिल्लंही जातात. बोटीवर निरीक्षक असतो तो वेगळाच. आपल्या कोकणात पर्ससीनवरून इतकी वर्षं भांडणं चाललीत, आणि मासा तर गोवा, कर्नाटक सगळीकडे फिरतो, मग किनाऱ्यावरची राज्यं एकत्र बसून असे दिवस का नाही ठरवत?