चार देशांचा सैल संघ : चौथ्या मसुद्यात कलम तीन नव्याने लिहिले

माझ्या पर्यायी इतिहासाची वाट १९६७ साली फुटते. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी ब्रिटनचा युरोपीय आर्थिक समुदायातील प्रवेश दुसऱ्यांदा रोखल्यावर ब्रिटन तिसऱ्यांदा ते दार ठोठावत नाही आणि कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्याशी सैल राजकीय संघ बांधतो, अशी ती कल्पना आहे.

या संघाच्या कराराचे पहिले तिन्ही मसुदे मतदानाच्या कलमापाशी अडले. त्या काळी ब्रिटनची लोकसंख्या साधारण साडेपाच कोटी आणि न्यूझीलंडची सत्तावीस लाखांच्या आसपास होती. लोकसंख्येप्रमाणे मते दिली तर निम्म्याहून अधिक मते एकट्या ब्रिटनकडे जातात. प्रत्येक देशाला एक मत दिले तर लंडन सहीच करणार नाही.

या गुंत्यातून वाट दाखवली ती तुर्कस्तानातील चानक येथील १९२२ च्या पेचप्रसंगाने. तुर्की सैन्य ब्रिटिश तुकड्यांसमोर येऊन ठाकले, तेव्हा लंडनने कॅनडा, न्यूझीलंड यांसारख्या स्वायत्त वसाहतींकडे मदत मागितली. पण कॅनडाचे पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांना ही मागणी अधिकृत तार हाती पडण्यापूर्वीच एका वार्ताहराकडून कळली. निर्णय कॅनडाची संसद घेईल, असे त्यांनी कळवले. न्यूझीलंडने मात्र लगेच होकार दिला होता. एकाच हाकेला दोन उत्तरे आली तरी संबंध तुटले नाहीत, हे मला फार मोलाचे वाटते. पुढे या वसाहतींच्या संसदांना कायदे करण्याचे स्वातंत्र्य देणाऱ्या १९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्यानेही तीच मोकळीक ठेवली : ऑस्ट्रेलियाने तो १९४२ मध्ये, तर न्यूझीलंडने १९४७ मध्ये स्वीकारला.

म्हणून मतदान काढून टाकले आहे. नवे कलम तीन असे : ‘संघाच्या परिषदेचा कोणताही ठराव सदस्य देशाच्या संसदेने स्वतंत्रपणे स्वीकारल्याखेरीज त्या देशास लागू होणार नाही, आणि इतर सदस्यांना आधी कळवल्याशिवाय कोणताही सदस्य त्यांच्या मदतीची जाहीर मागणी करणार नाही.’

हे कलम मी न्यूझीलंडच्या अण्वस्त्रविरोधी धोरणावर तपासून पाहिले. प्रत्यक्षात त्या धोरणामुळे अमेरिकेने १९८६ मध्ये ॲन्झस (ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व अमेरिका यांच्यातील संरक्षण) करारातील न्यूझीलंडविषयीचे संरक्षण-दायित्व स्थगित केले. माझ्या संघात न्यूझीलंड ब्रिटिश अणुनौकांना बंदर नाकारूनही सदस्य राहतो.

प्रस्तावनेतील ‘इंग्रजी भाषिक राष्ट्रे’ हे शब्दही खोडले, कारण कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील फ्रेंच भाषिकांना त्या नावाखाली सामावून घेता येत नाही.

सध्या परिषदेच्या साप्ताहिक दूरध्वनी बैठकीची वेळ ठरवीत आहे. १९८० च्या जानेवारीत लंडनला रात्रीचे नऊ वाजतात, तेव्हा ओटावात दुपारचे चार, कॅनबेरात दुसऱ्या दिवशीचे सकाळी आठ आणि वेलिंग्टनमध्ये दहा वाजलेले असतात. जुलैत मात्र कॅनबेराला पहाटे सहा वाजता बसावे लागेल, म्हणून त्या काळात बैठक एक तास उशिरा घेण्याची तरतूद पुरवणीत लिहीत आहे.