ब्रांकाबाई

ब्रांकाबाई २०२३च्या फेब्रुवारीत गेल्या, हे मला आज कळलं. सर्बियातल्या बेलग्रेडच्या नाट्यअभिनेत्री ब्रांका वेसेलिनोविच. वय १०४. इतक्या उशिरा कळावं याचंच आधी वाईट वाटलं. मग दिवसभर वेगळंच काहीतरी टोचत राहिलं.

जन्म सप्टेंबर १९१८, तिसा नदीकाठच्या बेचेयचा. तेव्हा तिथे ऑस्ट्रिया-हंगेरीचं राज्य. दोन-तीन महिन्यांत ते गेलं. पुढे राजांचं युगोस्लाव्हिया, १९४१ला गावावर हंगेरीचा ताबा, मग टिटोंचं युगोस्लाव्हिया. तेही फुटलं, आणि २००६पासून नुसतं सर्बिया. बाईंच्या पायाखालची जमीन कितीदा दुसऱ्याची झाली! आणि बाई नाटकच करत राहिल्या.

त्यांचं नाटकघर युगोस्लाव्ह ड्रामा थिएटर. १९४७ची स्थापना. दिग्दर्शक बोयान स्तुपित्सांनी देशभरातून नट गोळा केले, एप्रिल १९४८मध्ये पहिला पडदा उघडला. ज्या देशाचं नाव घेतलं तो देश नकाशावर नाही, पण थिएटरनं नाव टाकलेलं नाही. ते मला फार आवडतं.

ऑक्टोबर १९९७ला ती वास्तू जळाली. मी सकाळपासून अडकलेय ती इथे. बाई तेव्हा ७९ वर्षांच्या. ज्या रंगमंचावर ऐन उमेदीची वर्षं गेली, त्याची राख बघायची, तीही त्या वयात. पुन्हा दारं उघडली ती २००३मध्ये. माझ्यानं नसतं झालं. परवा ताई म्हणाली, "अगं, आता पुरे की, किती वर्षं धावणार तालमींना?" मला उत्तर सुचलं नाही. घशात काहीतरी दाटलं, एवढंच. कोण लक्षात ठेवणार आहे आमचे ते प्रयोग? कुणी फोटोसुद्धा धड काढलेले नाहीत.

म्लाजा, त्यांचे यजमान, तेही त्याच थिएटरचे नट, २०१२मध्ये गेले. बाई त्यानंतरही अकरा वर्षं होत्या. त्यावर आज लिहायला नको.

पण जेवण झाल्यावर भांडी आवरताना वाटलं, आगीनं नेलं काय? भिंती, खुर्च्या, कपडेपट. प्रयोग तर त्या त्या रात्रीच संपलेले होते. नटाचं काम असंच, पडदा पडला की गेलं. साठवायला काही उरतच नाही, तर लक्षात कोण ठेवणार म्हणून मी का झुरतेय? ताईला हे सांगता येणार नाही. तिला पटणारही नाही, आणि ते ठीक आहे.

ब्रांकाबाईंना एकदा तरी बघायला हवं होतं. प्रयोगात नव्हे, तालमीत. एखादं वाक्य जमत नसताना त्या काय करत असतील, ते.