डिलाइटचं बोनेट: मेण दुसऱ्यांदा

१९६९ची फियाट ११०० डिलाइट, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. तिचा जुना रंग तसाच जपायचा घाट घातलाय. मागच्या लेखात बोनेट उतरवून ठेवलं होतं, तिथून पुढे.

काकांनी ही गाडी अलिबागला तीस वर्षं चालवली. मूळ फिकट निळा रंग अजून शाबूत आहे. बोनेटच्या कडांना मात्र तो झिजून खाली प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) आणि तपकिरी गंज दिसतो. ड्रायव्हरच्या खिडकीवर काकांचं कोपर टेकून टेकून रंग गेलाय, ती जागा हाताला मऊ लागते. मिस्त्री म्हणाले, "सगळं खरवडून रंग मारू, नवीकोरी दिसेल." मी नको म्हटलं. ते कोपर आता कुठून आणणार?

खरा त्रास मिठाचा. खाऱ्या हवेतलं मीठ गंजाच्या पापुद्र्यात अडकतं आणि ओलावा ओढत राहतं. वर्षभरापूर्वी मी घाईने थेट मेण चोळलं होतं. जुलैत त्याच्याखाली नारिंगी ठिपके उठले. म्हणून या खेपेला जुनं मेण टर्पेंटाइनने काढलं, कोमट साबणपाण्याने धुतलं, मग बॅटरीत घालतो त्या डिस्टिल्ड वॉटरने चार वेळा धुऊन लगेच हेअर ड्रायरने वाळवलं. सुटा भुगा काढायला ०००० नंबरचं, म्हणजे सर्वात बारीक, स्टील वूल (पोलादी तारेची लोकर), मशीनच्या तेलात भिजवून, अगदी हलक्या हाताने. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडं घासायचं नाही.

लेप देण्याआधी बोनेटच्या आतल्या बाजूला तीन चौकोन करून पाहिले. टॅनिक अॅसिडवाल्या कन्व्हर्टरने (गंजाला स्थिर थरात बदलणारं रसायन) गंज निळसर काळा पडला. गंज थांबवायला उत्तम, पण तपकिरी छटा गेली. तो आता फक्त न दिसणाऱ्या भागांत वापरणार. उकळलेल्या जवसाच्या तेलाने रंग असा काही खुलला की मोह झाला. पण पंधरा दिवसांनीही बोट चिकटत होतं, आणि पक्कं वाळलं की ते सहज निघत नाही. (त्याचे फडके गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवून ठेवा.) तिसरं मायक्रोक्रिस्टलाइन मेण, म्हणजे पेट्रोलियमपासून मिळणारं बारीक स्फटिकांचं मेण. रंग किंचित गडद झाला, चिकटपणा नाही, आणि हवं तेव्हा टर्पेंटाइनने उतरवता येतं. तेच पक्कं केलं. स्टील वूलच्या वेळचा मशीनच्या तेलाचा अंश पुसून मेणाचे दोन पातळ हात दिले, मध्ये एक दिवस जाऊ दिला.

ब्रेकच्या नळ्या मात्र सरळ नव्या टाकल्या. तिथे जुनेपणाचा हट्ट नाही.

आता बंपर. क्रोमवरचा गंज अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासतोय. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, म्हणून ओरखडे येत नाहीत. डाव्या टोकाला काकांनी वाड्याच्या खांबावर आपटलेला पोचा आहे. तो तसाच ठेवलाय. बोनेट रविवारी चढवतो, आणि पहिल्या पावसानंतर त्याच कडांचे फोटो टाकतो.