बाबाचं वरून मीठ

आज परत तेच. वरणभात कालवून दिला, पोरीनं एक घासही तोंडात घातला नाही आणि हात पुढे, "मला पण वलून मीथ". अगं आधी चव तरी घे! पण बाबा ताटावर बसल्या बसल्या डबी उचलून चिमूट टाकतो ना, मग हिलाही पाहिजे. तीन वर्षांची पोर ती, तिला मीठ नकोय, तिला बाबासारखं जेवायचंय.

वर्षाची होईपर्यंत हिच्या मऊभातात मीठ घातलंच नव्हतं, डॉक्टरांनीच सांगितलेलं, बाळांच्या किडनीला झेपत नाही म्हणून. सासूबाईंचं रोज सुरू, "अगं अळणी कसं खाईल लेकरू", आणि लेकरू मस्त मिटक्या मारत खायचं. तान्ह्या बाळांना मिठाचं विशेष काही नसतंच, चार-सहा महिन्यांनंतर ती आवड जागी होते आणि पुढे घरात जे पुढ्यात येईल तशी वाढते. आता आमच्याकडे पुढ्यात काय येतं तर ताटात डावीकडे मीठ, लोणचं, भाजलेला पापड (त्यात मीठ आहेच वर पापडखार, तोही सोडियमच), ताकात मीठ, पेरूला तिखटमीठ आणि संध्याकाळी चहासोबत फरसाण.

डब्ल्यूएचओ मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत म्हणतं, म्हणजे जेमतेम चमचाभर, त्यात आमटीपासून बिस्किटापर्यंत सगळं आलं, आणि मुलांना त्याहूनही कमी. काल नवऱ्याला म्हटलं फरसाणच्या पाकिटावरचं सोडियम वाच आणि अडीचनं गुण म्हणजे मीठ किती ते कळेल, तर म्हणे "खाताना गणित नको". सीए आहे हा माणूस!

हिच्यासाठी वेगळं कमी मिठाचं काढून ठेव असं सगळे सांगतात, पण काय उपयोग, ती स्वतःच्या ताटात बघतच नाही, आमच्या ताटात बघते. म्हणून आजपासून मिठाची डबी टेबलावरून उचलून ओट्याच्या वरच्या फळीवर. टेबलावर लिंबाच्या फोडी ठेवल्यात, लिंबू पिळलं की मीठ कमी असलेलं फारसं कळत नाही. नवरा जेवताना उठून डबी आणेल अशी सुतराम शक्यता नाही, त्याच्या आळसावर माझा पूर्ण विश्वास आहे. सासऱ्यांना बीपीची गोळी चालू आहे तरी रोज दोन फोडी लोणचं लागतंच, नात मांडीवर बसून खार चाटते ते वेगळंच. पण त्या बरणीला हात लावायची हिंमत अजून नाही माझी, ते दिवाळीनंतर बघू.