काचापाणी

"आई, अजून थोडा जोर लाव."

"मोडेल रे."

"नाही मोडत. दाब तू."

चिरंजीव बंगळुरात, म्हणजे फोनमधे, आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला. डोंबिवलीतली जुलैची दुपार. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर मदरबोर्डचा खोका, खोक्यावर मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड, आणि त्यावर श्वास रोखून ओणवी झालेली मी. हातात रॅमची, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मृतीची, पट्टी. ती खाचेत बसवायची होती आणि ती बसायला तयार नव्हती.

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडत होते. तीस वर्षं अक्षरजुळणी करते. पेजमेकर आणि श्रीलिपी या जुन्या सॉफ्टवेअरांच्या काळापासून पाच-सहा मशीनं वापरून संपवली, पण झाकण कधी उघडलं नव्हतं. या वेळी लॅमिंग्टन रोडवर (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे त्याचं नाव फक्त पाट्यांना आणि पोस्टमनला ठाऊक) दुकानदाराने विचारलं, "मॅडम, फिट करून देऊ? तासाभराचं काम आहे." मी म्हटलं, "नको, घरी करू." का म्हटलं कोण जाणे. ग्रँट रोडहून दादर, दादरहून डोंबिवली, मांडीवर पिशव्या, आणि मुंब्र्यापर्यंत त्या 'नको'चा पुरेपूर पश्चात्ताप.

पहिल्यांदा जोडणाऱ्याला सगळे जण भीती घालतात ती अंगातल्या विजेची. नायलॉन घालू नकोस, गालिच्यावर उभी राहू नकोस, दर पाच मिनिटांनी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लाव. हे कोरड्या हवेच्या मुलखात ठीक आहे. आमच्याकडे जुलैत डब्यातले पापड लवतात, ठिणगी कुठून उडणार? तरी मी सुती साडी नेसले आणि घड्याळ, अंगठी काढून ठेवली. मुलगा म्हणाला, "बांगड्या पण." मी म्हटलं, "काचेतून वीज जात नाही, नववीत शिकवलंय." पुतणीच्या लग्नात भरलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. त्या अशा मधेच काढत नाहीत. त्याला हे पटलं नाही, पण लांब असल्यामुळे चाललं.

प्रोसेसरने, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूने, सुरुवात केली. खाली त्याची बैठक, तिच्यात मखमलीसारख्या दिसणाऱ्या इवल्या इवल्या पिना. त्या बैठकीच्या नावातच आकडा आहे, एलजीए सतराशे, कारण पिनाही तेवढ्याच. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, ती मोजून पहिल्याच पायरीवर! एक जरी वाकली तरी बोर्ड गेला म्हणून समजा. प्रोसेसर कोपऱ्यातली खूण बघून नुसता ठेवायचा आणि बाजूची दांडी खाली दाबायची. दांडी दाबताना करकर आवाज येतो. असा आवाज दुसऱ्या कुठल्याही वस्तूतून आला असता तर मी हात जोडून बाजूला झाले असते. इथे तो बरोबर असतो. वरचं काळं प्लॅस्टिक टण्णकन उडून पडलं, मी किंचाळले, तेही बरोबर होतं. "ते झाकण जपून ठेव, वॉरंटीला लागतं," एवढंच चिरंजीव म्हणाले.

माझी तक्रार हीच आहे. जोडणीची पुस्तिका सगळं सांगते: कुठली पट्टी कुठल्या खाचेत (दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी), कुठला स्क्रू कुठे. जोर किती लावायचा ते मात्र लिहीत नाही. तिथे नुसता बाण. मुलाला विचारलं तर एकदा "हलक्या हाताने" म्हणतो, एकदा "जरा जोरात". मीठ चवीपुरतं म्हणतात तसंच हे. ज्याने चाखलेलंच नाही त्याने काय करायचं?

नव्वदच्या दशकात मी साताऱ्यात एका कॉम्प्युटर क्लासमधे टायपिंग शिकवायचे. तिथे स्कूटरवरून एक हार्डवेअरवाला यायचा, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रूड्रायव्हर. तो चिप बसवताना म्हणायचा, "ताई, हे झिफ सॉकेट. झिरो इन्सर्शन फोर्स. ठेवली की आपोआप पडते आत." शून्य जोर! त्या माणसाला घाबरताना मी एकदाच पाहिलं. तेव्हा वीजपुरवठ्याच्या वायरी मदरबोर्डवर दोन वेगळ्या जोडांनी लागायच्या, सहा-सहा तारांच्या, आणि ते जोड दिसायला सारखेच. उलटसुलट लागले की बोर्ड जळाला. "काळ्याला काळी, काळ्याला काळी," असं पुटपुटत तो काळ्या तारा मधे शेजारी शेजारी आणायचा, मग कपाळ पुसायचा. 1995 साली एटीएक्स ही बोर्डाची आणि वीजपुरवठ्याची नवी पद्धत आली, दोनाचा एक जोड झाला आणि तो उलटा लागेनासाच झाला. ते मंत्र पुटपुटणंही गेलं.

तर रॅमची पट्टी. अंगठे दोन टोकांना, आणि मी थांबलेली.

वाईला आजोळी धाकट्या मावशीचं लग्न होतं तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. पडवीत कासारमामा बसलेले, पुढ्यात दोरीत ओवलेल्या बांगड्या, आणि घरातल्या, शेजारच्या, आलेल्या-गेलेल्या सगळ्या बायका रांगेत. ते हात बघायचे नाहीत, नुसता धरायचे. धरला की माप कळायचं. "दोन-चार," म्हणायचे आणि दोरी सोडायचे. आजीच्या हाताची बोटं कामाने जाड झालेली, पेरं मोठी. अंगठा तळहाताशी दुमडून, बोटांची मुळं एकत्र दाबत ते बांगडी सरकवत आणत. मग एक जागा यायची जिथे पुढे काच किंवा हाड, दोहोंपैकी एक जाणार असं वाटायचं. काच वाकत नाही, हाडही वाकत नाही. तिथे ते क्षणभर थांबायचे. आजीला काहीतरी विचारायचे, यंदा हळद किती झाली, असलं काही. आजी उत्तर द्यायला तोंड उघडायची आणि बांगडी मनगटात.

माझी पाळी आली तेव्हा मी हात काठीसारखा ताठ केला. "पोरी, हात तुझा नाहीच असं समज," ते म्हणाले. "तिकडं बघ, मांडवाला तोरण कुणी बांधलंय ते." मी बघितलं. वळले तोवर एका हातातल्या सगळ्या बांगड्या भरून झाल्या होत्या. मग आईने डोक्याला हात लावून वाकवलं, कासारमामांना नमस्कार करायला. बांगड्या भरल्या की करायचा असतो.

मी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी पावसात कपडे विसरलेले. अंगठे दाबले. टक्. दुसरी पट्टी, टक्. प्रत्येकीचा एकदाच झाला आवाज, पण मला तेवढ्याने गहिवरून आलं.

पंख्याचं मात्र सांगू नये. कंपनीने प्रोसेसरबरोबर दिलेला पंखा, खाली उष्णता वाहून नेणारा राखाडी लेप आधीच लावलेला, त्यामुळे लेप मटाराएवढा की तांदळाएवढा या जागतिक वादातून मी सुटले. पण त्याला चार पाय. ते समोरासमोरच्या कोपऱ्यांतले आधी, असे जोडीजोडीने दाबायचे, आणि दाबताना मदरबोर्ड वाकतो. डोळ्यांदेखत, चांगला वाकतो. मुलगा म्हणत होता, "वाकू दे," आणि मी म्हणत होते, "माझे पैसे आहेत."

बोर्ड कॅबिनेटमधे बसला. कळफलकावरचं नव्हे, कॅबिनेटवरचं ते चालू करायचं बटण, त्याच्या मुंगीएवढ्या पिना चष्म्यावर भिंग धरून लावल्या. मग राहिला तो चोवीस तारांचा जाड जोड. हा सगळ्यात हट्टी. डाव्या हाताने बोर्डाला मागून आधार द्यायचा, उजव्याने दाबायचा. दाबला. गेला नाही. अजून दाबला, कोपरातून, खांद्यातून. तो खटकन आत गेला, हात निसटून कॅबिनेटच्या पत्र्यावर आपटला आणि खळ्ळ.

"काय फुटलं? आई, काय फुटलं?"

"फुटली नाही म्हणू. वाढली."

"काय वाढलं?"

बंगळुरात बसलेल्या मुलाला बांगडी फुटत नाही, वाढते, हे सांगायची ती वेळ नव्हती. हिरव्या काचा चालत्या बोर्डात, म्हणजे चालणार असलेल्या. मी म्हटलं, कणकेचा गोळा फिरवू का, बारीक काचासुद्धा उचलतो. फोनमधून जो आवाज आला तो लिहिण्यासारखा नाही. बरं, बोट ओलं करून? तेही नाही.

मग मी पदर खोचला आणि काचापाणी खेळायला बसले. लहानपणी फुटक्या बांगड्यांच्या काचांचा डबा प्रत्येकीकडे असायचा. पावसाळ्यात ओसरीवर रिंगण आखायचं, काचा आत फेकायच्या आणि एकेक उचलायची, शेजारची जराही न हलवता. हलली की डाव गेला. माझी मामेबहीण नखाच्या टोकाने काच उभी करून उचलायची, आम्ही तिला हरवू शकलो नाही. इथे रिंगणात काचांऐवजी कपॅसिटर होते, बाकी खेळ तोच. टॉर्च तोंडात धरून पहिली काच रॅमच्या कडेला सापडली. दुसरी पंख्याखाली, तिला नख लावून वीस मिनिटं गेली. मुलगा फोनमधे गप्प होता. त्याने आईला इतकं तन्मय कधी बघितलं नसावं.

दोन्ही काचा वर्तमानपत्रावर गोल जुळवून ठेवल्या. नखाएवढी फट राहिली. तिसरा तुकडा असला पाहिजे. कॅबिनेट उलटं करून हलवलं, पाठ थोपटली, एक स्क्रू पडला, काच नाही.

"चालू कर," मुलगा म्हणाला. "काच आहे, तिच्यातून वीज जात नाही." माझंच वाक्य.

चालू केलं. काही नाही. मागचं बटण शून्यावर होतं, ते लावलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळा. त्या काळ्या पडद्यासमोर बसून मला दुकानदाराचा चेहरा, नवऱ्याचं आज संध्याकाळचं न बोलणं, सगळं दिसून गेलं.

"रॅम परत दाब. दोन्ही टोकांना टक् झालं होतं ना?"

दोन्ही टोकांना?

दाबली. या वेळी थांबले नाही, कुठे बघितलंही नाही. टक्, आणि मग दुसरीचाही टक्. पडद्यावर अक्षरं आली.

त्याला आता तीन महिने झाले. मशीन उत्तम चालतं. फक्त मोठ्या पुस्तकाची पानं एकदम उघडली, पंख्याने वेग घेतला की आतून मधेच एक बारीक किण् असा आवाज येतो. नवऱ्याला ऐकू येत नाही. मुलगा म्हणतो, उघडून बघ. बघेन. हे पुस्तक छपाईला जाऊ दे.