संगतीला नावं ठेवणं सोपंय

आमच्या चोपडा-यावल साइडला अकरावी-बारावीतलं पोरगं हळदीच्या रात्री डीजेमागे दारू टाकून नाचताना सापडलं की गल्लीत एकच निकाल, "पोऱ्या वाया गया, संगतना गुन शे." मग बाप त्याला परत बदडतो. परत म्हणतेय कारण आधीपासून बदडतच होता ना, मोटर बंद करायची राहिली म्हणून, गणितात उडाला म्हणून, कधी नुसताच कापसाला भाव नाही म्हणून, आणि तेव्हा हीच गल्ली म्हणायची की पोरांना धाक पाहिजे!

आता लहानपणीचा मार आणि पुढची दारू यांच्या नात्यावर अभ्यास झालेत बरं का. फेलिटी आणि आंडा या अमेरिकन डॉक्टरांनी सॅन दिएगोत हजारो मोठ्या माणसांना लहानपणाबद्दल विचारलं, मार, पाणउतारा, लैंगिक अत्याचार, आईला मारताना बघणं, घरात दारुडा असणं वगैरे. १९९८ ला ते छापून आलं. यातले चार किंवा जास्त प्रकार ज्यांच्या वाट्याला आलेले त्यांच्यात दारूचं व्यसन, ड्रग्ज, डिप्रेशन, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट. नंतर त्याच कामातून हेही दिसलं की अशी पोरं १४ व्या वर्षापर्यंतच प्यायला लागण्याची शक्यता जास्त.

आणि यात न समजण्यासारखं काय आहे? ज्या पोराला बापाच्या गाडीचा आवाज आला तरी धडधडतं, झोपेतही ज्याचं शरीर अलर्टवर, त्याला पहिल्या क्वार्टरमध्ये थोडा वेळ का होईना शांत वाटतं. बाकीच्यांना नुसती किक बसते, याला सुटका मिळते, म्हणून तोच चिकटतो. बाटली मित्रच पुढे करतो हे खरंय, पण त्या कट्ट्यावर बसलेली सगळी पोरं थोडीच अडकतात. मार खाल्लेलं प्रत्येक पोरगं पितं असंही नाही हं, एखादी मायाळू आजी, एखादा मामा असला तरी खूप फरक पडतो.

केंद्र सरकारने २००७ ला १३ राज्यांचा रिपोर्ट काढलेला, त्यात तीनातल्या दोन मुलांना मारहाण झालेली. म्हणजे हे काही अमेरिकेचं खूळ नाही.

१०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन फुकट लागतो, रात्रीही, आणि शेजारच्याने केला तरी चालतो. आमच्या गल्लीत भिंतीला भिंत आहे, पट्ट्याचा आवाज चार घरं ऐकू जातो, पण सगळे टीव्हीचा आवाज वाढवतात, "त्यांच्या घरचं मॅटर आहे."